लाल ठिपक्याची मोजणी

शाळेच्या जिन्यात एक चित्र हमखास दिसतं. पृथ्वीला नाक-डोळे काढलेले, एका डोळ्यातून टपोरा अश्रू, शेजारी हसरा बल्ब आणि खाली जाड अक्षरांत ‘वीज वाचवा’. चित्र मुलांनीच रंगवलेलं असतं, आणि रंगवतात ती अगदी जीव ओतून. त्यांच्यातल्या कुणालाही विचारून बघा, ‘किती वाचवायची?’ मूल गडबडतं. हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. ‘वाचवा’ हे क्रियापद आपण मुलांच्या हातात फार लवकर देतो. ते कशात मोजायचं हे सांगायचं मात्र राहून जातं.

माप नसलं की सगळ्याच गोष्टी सारख्या वजनाच्या वाटतात. वीज वाचवण्यासाठी काय काय कराल, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: दिवा बंद करू, पंखा बंद करू, मोबाइलचा चार्जर काढून ठेवू. दिव्याचा नंबर पहिला, कारण तो दिसतो. पाणी तापवणारं यंत्र भिंतीआड गुपचूप वीज खात असतं, ते यादीत शेवटीसुद्धा येत नाही. त्या चित्रातला बल्बही बघण्यासारखा असतो: गोल, पिवळा, आत तार असलेला. ६० वॉटचा तसा बल्ब जेवढा उजेड द्यायचा, साधारण तेवढाच उजेड आता ९ वॉटचा एलईडी देतो. दिवे बदलले, सल्ला मात्र त्याच बल्बच्या जमान्यातला राहिला.

म्हणून सुरुवात घोषणेपासून करू नये, मीटरपासून करावी. बहुतेक डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ, भिंग घेऊन वाचावा लागेल इतक्या लहान अक्षरांत, एक आकडा छापलेला असतो: ३२०० इम्पल्स प्रति किलोवॉट-तास. काही मीटरवर १६००, काहींवर ६४००. याचा अर्थ इतकाच की एक युनिट वीज वापरली जाईपर्यंत तो ठिपका ३२०० वेळा लुकलुकतो. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. ३६ लाखांना ३२०० नं भागलं की उत्तर येतं ११२५. लाल ठिपका एकदा लुकलुकला की ११२५ ज्यूल खर्ची पडले. पाचवीतल्या मुलाला ज्यूल कळायची गरज नाही. लुकलुकणं कळलं तरी पुष्कळ झालं.

मोजायची रीत अशी. मीटरसमोर एक मोठं माणूस उभं राहील. पेटीचं काचेचं झाकण बंदच राहील, कुणी बोट लावणार नाही, आणि मीटर उंचावर असेल तर स्टुलावर चढायचं नाही, मोठ्या माणसानं मोबाइलवर चित्रण करून खाली दाखवायचं. ठिपका लुकलुकला की स्टॉपवॉच चालू. विसाव्या लुकलुकीला बंद. मग वीस गुणिले ११२५ भागिले सेकंद, की उत्तर थेट वॉटमध्ये. ३२०० च्या जागी दुसरा आकडा असेल तर ११२५ बदलेल: १६०० ला २२५०, ६४०० ला साडेपाचशेपेक्षा थोडं जास्त, नेमकं ५६२.५.

इथे एक चूक इतकी नेमानं होते की ती धड्यातच धरून चालावी. स्टॉपवॉच चालू करताना दिसलेल्या ठिपक्याला मुलं ‘एक’ म्हणतात. तो ‘शून्य’ असतो. ‘एक’पासून मोजलं की वीस म्हणताना प्रत्यक्षात एकोणीसच अंतरं मोजली जातात आणि उत्तर पाच टक्क्यांनी फुगतं. दहाच ठिपके मोजले तर चूक दुप्पट वाढते. कुंपणाचे खांब आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा यांचं जे जुनं कोडं गणितात असतं, ते इथे जिवंत उभं राहतं. मुलांच्या दोन गटांची उत्तरं जुळली नाहीत की लगेच ‘तुमचं चुकलं’ म्हणू नये. कुणी शून्यापासून मोजलं आणि कुणी एकापासून, हे त्यांचं त्यांना शोधू द्यावं.

दुसरी अडचण फ्रिजची. घरी मोजत असताना मध्येच त्याचा कॉम्प्रेसर चालू होतो आणि ठिपका एकदम घाई करू लागतो. तो धडधडणारा आवाज ऐकून थांबायचं, पुन्हा मोजायचं. तिसरी अडचण शाळेची. मोठ्या इमारतीचा सगळा भार एकाच मीटरवर असतो, त्यामुळे एका वर्गाचा पंखा बंद केल्यानं ठिपक्यात पडणारा फरक डोळ्यांना जाणवत नाही. त्यातून मोठ्या भाराच्या मीटरला करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा प्रवाह ठरावीक पटीनं लहान करून मीटरला देणारं साधन, जोडलेलं असतं. अशा मीटरवरचं रीडिंग मीटरवर किंवा बिलात दिलेल्या गुणकानं गुणावं लागतं. ते राहिलं तर अख्खी शाळा एका घराएवढ्या विजेवर चालते असा अजब निष्कर्ष निघतो. मीटरच्या पडद्यावर आकडेही पाळीपाळीनं बदलत असतात: कधी व्होल्ट, कधी तारीख, कधी केव्हीएएच. ज्या आकड्याशेजारी ‘केडब्ल्यूएच’ (kWh, म्हणजे किलोवॉट-तास) आहे तोच उतरवायचा. थोडक्यात, ठिपका घरी मोजावा. शाळेत रोजचं रीडिंग घ्यावं, आणि एकेका उपकरणासाठी प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये बसणारा छोटा वॉटमीटर वापरावा.

घरी मोजलेल्या आकड्यांचा परिणाम बघण्यासारखा असतो. एका घरात ७५ वॉटचे चार जुने पंखे आणि २० वॉटच्या सहा एलईडी ट्यूब चालू आहेत, बाकी सगळं बंद आहे असं धरा. एकूण ४२० वॉट. वीस ठिपक्यांना ५४ सेकंदांच्या आसपास लागतील. ट्यूब बंद केल्या तर ७५ सेकंद. ट्यूब चालू ठेवून पंखे बंद केले तर तीन मिनिटांहून जास्त. मुलं वाट बघून कंटाळतात, आणि त्या कंटाळ्यातच उत्तर असतं. फक्त एक ९ वॉटचा दिवा ठेवला तर दोन ठिपक्यांमध्ये दोन मिनिटं आणि पाच सेकंद जातात. मग १५०० वॉटची पाणी उकळायची किटली लावायची. ठिपका पाऊण सेकंदाला एक या वेगानं धावू लागतो. चेहरे बघावेत तेव्हा. उष्णता महाग आणि उजेड स्वस्त, हे वाक्य त्यानंतर कुणी सांगावं लागत नाही.

तरीही वॉट हा आकडा अंगात मुरत नाही, तो मुरवायला जिना लागतो. ४० किलो वजनाचं मूल तीन मीटर उंचीचा एक मजला चढलं की त्यानं ४० गुणिले ९.८ गुणिले ३, म्हणजे ११७६ ज्यूल एवढं काम केलं. ३२०० च्या मीटरचा एक ठिपका ११२५ ज्यूलचा. इतका चांगला योग पाठ्यपुस्तकात सहसा जुळून येत नाही: एक मजला चढणं म्हणजे जवळजवळ एक ठिपका. मुलांना खरोखर जिना चढायला लावावा, वर पोचल्यावर ‘एक’ म्हणायला लावावं. दहा मजल्यांएवढ्या चढउतारांनंतर धापा टाकत ती विचारतात, एका युनिटसाठी किती? तीन हजारांहून थोडे जास्त. सायकलवर बसवलेल्या जनित्रानंही हेच कळतं. शाळकरी मुलानं ५० वॉट टिकवून धरले तर एक युनिट व्हायला वीस तास पॅडल मारावे लागतील. (एखादं चौकस मूल विचारतंच: शरीर तर याहून जास्त ऊर्जा खर्च करतं ना? बरोबर आहे. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होते. म्हणून तर घाम येतो. असं मूल वर्गात असेल तर शिक्षकानं नशीब समजावं.)

आता आंघोळीचं पाणी. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. गुणाकार केला की १५७५ किलोज्यूल, म्हणजे ०.४४ युनिटच्या जरासं आत. ठिपक्यांत मोजलं तर बरोबर १४००. तेवढ्याच विजेवर ९ वॉटचा दिवा दोन दिवस आणि दोन रात्री अखंड जळतो. मजल्यांच्या हिशेबात, एका आंघोळीसाठी १३०० हून जास्त मजले चढायचे. दिवा विसरून गेल्याबद्दल मुलाला रोज बोलणी बसतात आणि गरम पाण्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही, तर रागावायची जागा चुकलीच म्हणायची.

पाण्याचं आणखी एक गणित मोठ्यांनाही चकवतं. हजार लिटर पाणी दहा मीटर उंच टाकीत चढवायला किती वीज लागेल? शास्त्रानुसार ९८ किलोज्यूल. पंप आणि मोटर मिळून तीस टक्केच कार्यक्षम धरली तरी ०.०९ युनिट, ठिपक्यांत २९०. म्हणजे हजार लिटर पाणी तीन मजले वर नेण्याला जी वीज लागते, तिच्या जवळजवळ पाचपट वीज पंधरा लिटर पाणी अंघोळीपुरतं तापवायला लागते. उचलणं सोपं, तापवणं अवघड. हाताला मात्र उलटंच वाटतं, कारण बादली उचलताना दंड भरून येतो आणि पाणी तापताना आपण नुसते उभे असतो. विजेबाबत अंदाजावर का विसंबू नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. पाणी जपायला कारणं पुष्कळ आहेत. थेंब गळणाऱ्या नळाखाली मापाचं भांडं ठेवून तासाभरानं बघावं, चोवीसनं गुणावं, आणि वॉशर बदलावा. पण गार पाण्याची बचत ही विजेची मोठी बचत म्हणून मुलांना सांगू नये. दोन्हीची सरमिसळ केली की हिशेब बिघडतो.

चार्जरचंही तसंच. काहीच न जोडता भिंतीला लावून ठेवलेला चांगला आधुनिक चार्जर ०.१ वॉटपेक्षा कमी वीज घेतो. वर्षभर तसाच राहिला तरी एक युनिटही होत नाही. एकेकाळी परिस्थिती वेगळी होती. रिमोटवर चालणारी यंत्रं ‘बंद’ असतानाही कित्येक वॉट ओढत राहायची. म्हणून आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं १९९९ मध्ये एका वॉटची मर्यादा सुचवली, आणि युरोपीय संघानं २०१० पासून एक वॉट व २०१३ पासून साध्या उपकरणांसाठी अर्धा वॉट असा नियमच केला. सतत चालणारा एक वॉट वर्षाकाठी ८.७६ युनिट खातो. चार्जर काढणं चूक नाही, काढावा. पण तेवढं करून आपण आपला वाटा उचलला असं मुलाला वाटता कामा नये.

पंख्याचा धडा वेगळा द्यावा लागतो, कारण तिथे चूक समजुतीतच असते. ‘खोली गार व्हावी म्हणून’ रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणारे थोडेथोडके नाहीत. दोन सारखे थर्मामीटर घ्यावेत. आधी ते शेजारी शेजारी ठेवून दोघांचं रीडिंग जुळतं का ते बघावं, नसेल जुळत तर फरक लिहून ठेवावा (ही पायरी गाळली की प्रयोग वाया गेला). मग दारं-खिडक्या बंद असलेल्या दोन सारख्या खोल्यांत, उन्हाच्या झोतापासून दूर, एकेक टांगावा. एका खोलीत पंखा चालू, दुसरीत बंद. आत कुणी नाही. तासाभरानं बघितलं तर पंख्याच्या खोलीतलं तापमान उतरलेलं नसतं. चढलं तर किंचित चढलेलंच असतं, कारण मोटरचे ७५ वॉट सरतेशेवटी उष्णताच होऊन त्या खोलीत राहतात. आता त्याच थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली धरा. पारा झरझर उतरतो. पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. माणूस नसेल तिथे तो निव्वळ छताला लावलेला छोटा हीटर आहे. एवढं एकदा बघितलेलं मूल वर्गातून बाहेर पडताना पंख्याचं बटण आपसूक दाबतं, पाटी लावायची गरज नसते.

दिव्यांच्या बाबतीत बंद-चालूपेक्षा कुठला दिवा कुठल्या बटणावर आहे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पुष्कळ वर्गांत बटणं अशी जोडलेली असतात की एका बटणावर फळ्याजवळची आडवी ओळ, दुसऱ्यावर मागची. प्रत्यक्षात उजेड खिडकीकडून येतो. खिडकीला समांतर असलेली ओळ स्वतंत्र बटणावर असेल तर दिवसा तेवढीच बंद ठेवता येते. मोबाइलमधलं लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं अ‍ॅप अचूक नसतं, पण एकाच फोननं सगळ्या बाकांवर मोजलं तर तुलना चांगली होते. मुलांना वर्गाचा नकाशा काढून प्रत्येक बाकावरचा आकडा लिहू द्यावा. वाचायला-लिहायला साधारण ३०० लक्स तरी हवेत. त्याहून कमी उजेडात बचतीसाठी मुलांना बसवणं म्हणजे शुद्ध अविचार. नकाशा झाला की ट्यूबा आणि खिडकीच्या काचा ओल्या फडक्यानं पुसायला सांगाव्यात, अर्थात ट्यूबा शिपाईकाकांनी, मेन स्विच बंद करून. मग पुन्हा मोजावं. नकाशावरचे आकडे वाढलेले दिसतात.

शाळेतली खरी शिकार रात्री असते. संध्याकाळी सहाला शाळा बंद होताना एक रीडिंग, सकाळी सहाला उघडताना दुसरं. मधल्या बारा तासांत इमारतीत कुणी नव्हतं, तरी समजा ४.८ युनिट गेली. बारानं भागा: ४०० वॉट सतत चालू होते. असेच दिवसरात्र वर्षभर चालले तर ३५०४ युनिट. हे कुणी वापरले? मुलांना हा प्रश्न गुप्तहेरकथेसारखा चढतो. पिण्याच्या पाण्याचा कूलर रात्रभर पाणी गार करत बसलेला असतो. संगणक बंद असतात, पण त्यांचे यूपीएस चालू. स्वच्छतागृहातला एक्झॉस्ट पंखा दाराआड फिरतोय. टाकीचा फ्लोट अडकला तर पंप मध्यरात्री चालू होतो आणि पाणी गच्चीवरून वाहतं. एकेक गोष्ट बंद करून रोज रात्रीचं रीडिंग घ्यायचं, एका रात्री एकच बदल. दोन बदल एकदम केले की श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही, आणि शाळांत नेमकं तेच होतं: उत्साहाच्या भरात सोमवारी सगळंच बंद होतं आणि बुधवारी मुख्याध्यापकांचा संगणक सुरू होत नाही.

यासाठी रंगीत गोलांची पद्धत कामाला येते. बटणांवर कागदी गोल चिकटवायचे: हिरवा असेल तर कुणीही बंद करावं, पिवळा असेल तर विचारून, लाल असेल तर हातच लावायचा नाही. रंग ठरवायला विजेचं काम बघणारा माणूस सोबत हवा. फ्रिज, प्रयोगशाळेतली उपकरणं, कॅमेरे, आणीबाणीचे दिवे लाल. वर्गातले दिवे-पंखे हिरवे. कूलर पिवळा, कारण तो कधी बंद करायचा याची वेळ एका माणसाच्या हाती असलेली बरी. गोल कोरड्या बटणावर चिकटवावेत, नाहीतर पंधरा दिवसांत गळून पडतात. आणि गोल गळला की नियमही गळतो.

आता थोडं वाकडं बोलतो. ‘वीज मॉनिटर’ नावाचं पद बऱ्याच शाळा तयार करतात आणि बघता बघता त्याचा पोलीस होतो. कोण दिवा विसरलं याची नावं फळ्यावर येतात. वर्गावर्गांत स्पर्धा लावली तर पश्चिमेकडच्या, दुपारभर तापणाऱ्या वर्गातली मुलं पंखे बंद करून घामाघूम बसतात आणि उत्तरेकडचा थंड वर्ग आरामात ढाल घेऊन जातो. बक्षीस असलं की मीटरसमोर लबाडीही सुरू होते. त्यापेक्षा प्रत्येक वर्गाची तुलना त्याच्या स्वतःच्याच गेल्या महिन्याशी करावी, तीही हवामान आणि सुट्ट्या बघून. परीक्षेच्या आठवड्याची सहलीच्या आठवड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आणि अपराधीपणा लादू नये. इमारतीची वायरिंग मुलांनी ठरवलेली नसते, कूलर मुलांनी विकत घेतलेला नसतो, पाणी किती तापवायचं हेही घरातले मोठेच ठरवतात. ज्याच्या हातात काही नाही त्याला वितळणाऱ्या हिमखंडावरचं एकटं अस्वल दाखवत राहिलं तर एकतर ते मूल घाबरतं किंवा बधिर होतं. त्याच्या आवाक्यातलं काम त्याला द्यावं. मुख्याध्यापकांना आकडे घालून अर्ज लिहिणं हे असं काम आहे: अमुक ते अमुक तारखांची रात्रीची रीडिंग, कूलर बंद ठेवलेल्या रात्रींचं रीडिंग, फरक, आणि विनंती, की त्यावर टायमर बसवावा. अर्जलेखनाच्या तासाला सायकल हरवल्याचा अर्ज किती वर्षं लिहायचा?

पैशाची गोष्टही मुलांपासून लपवू नये. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये १९९० च्या दशकात ‘फिफ्टी-फिफ्टी’ नावाची योजना सुरू झाली. शाळेनं सवयी बदलून वीज, पाणी आणि गरम करण्याचं इंधन वाचवलं की वाचलेल्या पैशांतला निम्मा वाटा शाळेला, निम्मा बिल भरणाऱ्या प्रशासनाला. पुढे ती पद्धत युरोपातल्या इतर देशांतही गेली. यातली मेख साधी आहे. एरवी शाळेनं बचत केली की पुढच्या वर्षी तिची तरतूदच कापली जाते; शहाणपणाची शिक्षा मिळाल्यासारखं होतं. इथे वाचलेलं काहीतरी हातात येतं आणि त्याचं काय करायचं हे मुलं ठरवू शकतात.

इको-स्कूल्स हा शाळांसाठीचा आंतरराष्ट्रीय पर्यावरण-उपक्रम १९९४ पासून चालू आहे, त्याच्या सात पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली, मुलांचा सहभाग असलेली समिती. दुसरी, शाळेची पाहणी, म्हणजे आत्ता काय आहे याची मोजदाद. मग कृती-आराखडा, देखरेख, अभ्यासक्रमाशी सांगड, इतरांना सामील करून घेणं. आणि सातवी, सगळ्यात शेवटची पायरी, शाळेचा हरित जाहीरनामा. आपल्याकडची बहुतेक मंडळी थेट सातवीवर उडी मारतात आणि तिथेच थांबतात. जिन्यातलं ते चित्र ही सातवी पायरी आहे.

विजेशिवायचं शाश्वत जगणं शिकवायला खताच्या ढिगाइतकी चांगली प्रयोगशाळा नाही, आणि तिथेही थर्मामीटर लागतोच. डब्यातलं उरलेलं आणि साली एक भाग, तर वाळका पाला दोन ते तीन भाग, मापानं म्हणजे टोपलीनं. ओल बघायला मूठभर मिश्रण घट्ट पिळायचं: एखाद-दोन थेंब निघाले तर ठीक, धार लागली तर जास्त ओलं, मूठ उघडताच भुगा झाला तर कोरडं. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच असेल तर चार-पाच दिवसांत आत ५० ते ६० अंश तापमान चढतं. बादलीएवढ्या डब्यात ते चढत नाही, कारण उष्णता बाजूंनी निसटते, पण खत होतं, फक्त सावकाश. नाकाला बऱ्याच गोष्टी कळतात. अमोनियाचा झणका आला तर ओला भाग जास्त झाला, पाला वाढवा. कुजका वास आला तर आत हवा नाही, ढीग उलटापालटा करा. वासही नाही आणि ऊबही नाही, तर पाणी शिंपडा. चिलटं झाली तर ताज्या कचऱ्यावर पाल्याचा थर द्यायचा राहिला आहे. शाळेतले ढीग मरतात ते मात्र यांपैकी कशानंच नाही. ते सुट्टीत मरतात. सुट्टी लागायच्या आधी ओला कचरा टाकणं थांबवावं, वर जाड पाला आणि गोणपाट घालावं आणि पाणी कोण शिंपडणार त्याचं नाव ठरवून ठेवावं. ढिगातली ऊब हीसुद्धा ऊर्जाच आहे, जंतूंनी उरलेल्या अन्नातून सोडवलेली. हाच कचरा हवाबंद दाबला गेला की त्यातून मिथेन निघतो. या दोन वाक्यांवर आठवीचा एक अख्खा तास चालू शकतो.

वस्तूंबद्दल थोडक्यात. जुनं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला, खनिजापासून नवं बनवण्याच्या मानानं साधारण पाच टक्केच ऊर्जा लागते. म्हणून त्यासाठी कचऱ्याचा डबा वेगळा ठेवणं योग्यच. पण वर्षाअखेरीस प्रत्येक वहीतली कोरी पानं मोजायला सांगा, वर्गाची बेरीज करा, आणि ती पानं शिवून पुढच्या वर्षाच्या कच्च्या वह्या बांधा. पुनर्वापराचा धडा तिथे संपतो.

कुठल्या वयाला काय, हा प्रश्न शिक्षक विचारतात. सहा-सात वर्षांच्या मुलांना गरम-गार, जड-हलकं, ओलं-कोरडं एवढं पुरे. त्यांनी ढिगावर हात धरून ऊब बघावी. नऊ-दहाच्या वयात वजाबाकी पक्की होते, तेव्हा रोजचं रीडिंग. बारा-तेराव्या वर्षी ठिपके, ज्यूल, जिना. पंधराच्या मुलांना एक अवघड गोष्ट सांगायला हरकत नाही: १८६५ मध्ये जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं दाखवून दिलं होतं की वाफेची इंजिनं जास्त कार्यक्षम झाली तसा कोळशाचा एकूण वापर घटला नाही, वाढला. स्वस्त पडू लागलं की आपण जास्त वापरतो. नऊच वॉटचा तर आहे, म्हणून रात्रभर चालू राहिलेला दिवा याच घराण्यातला. या वयाची मुलं त्यावर कडाकडा भांडतात, भांडू द्यावं.

राहता राहिली रीडिंगची वही. ती दरवर्षी नव्या वर्गाकडे जाते, आणि तिचं पहिलं पान नीट नसेल तर मागची सगळी मेहनत मातीमोल. त्या पानावर मीटर कुठे आहे, पडद्यावरचा कितवा आकडा उतरवायचा, गुणक किती, रीडिंगची वेळ कोणती, एवढं शाईनं लिहावं. आतल्या पानांवर तारीख, वेळ, आकडा, घेणाऱ्याची सही, आणि उजवीकडे एक रुंद रकाना ‘विशेष’ म्हणून: आज स्नेहसंमेलन, आज कूलर दुरुस्तीला, आज पंप दिवसभर चालू. रीडिंग चुकलं तर रिकामं ठेवावं. आदल्या दिवशीच्या अंदाजानं भरू नये, खाडाखोडही करू नये, एक रेघ मारून शेजारी लिहावं. चाळता चाळता कुठेतरी एखादा दिवस असा सापडतो की त्या रात्री नेहमीच्या दुप्पट युनिट गेली आणि ‘विशेष’ रकाना कोरा आहे. त्याला पेन्सिलीनं गोल करून, तारखेसकट, वही नव्या वर्गाच्या हाती द्यावी.